अमेरिकेत वैमानिक प्रशिक्षण आणि टीएसएची मंजुरी: एजंटचं ऐकण्याआधी हे वाचा

प्रश्न कराडच्या एका वडिलांचा आहे. मुलगा बारावी सायन्स झालाय, डीजीसीएचं (भारताच्या विमान वाहतूक खात्याचं) क्लास टू मेडिकल आणि कॉम्प्युटर नंबर हातात आहे, फ्लोरिडातल्या एका शाळेत सीपीएलसाठी (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्यासाठी) प्रवेश मिळालाय. पुण्यातला एजंट सांगतो की 'टीएसए क्लिअरन्स' (अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा खात्याची मंजुरी) आधी काढल्याशिवाय मुंबईत व्हिसा मिळत नाही, आणि त्या कामाचे तो अर्ध्या लाखाच्या वर मागतोय. हे खरं का, नाव नाकारलं गेलं तर काय, आणि न्यू जर्सीत राहणारे साडू (ग्रीन कार्डवाले) व त्यांची तिथेच जन्मलेली मुलगी हौसेखातर शिकणार असतील तर त्यांनाही हे लागतं का, असं त्यांनी विचारलंय.

एजंटने तुम्हाला घाबरवून ठेवलेलं दिसतंय, म्हणून थेट उत्तर आधी देतो. टीएसएची मंजुरी लागते, हे खरं. ती आल्याशिवाय अमेरिकेतला कुठलाही इन्स्ट्रक्टर तुमच्या मुलाचं पीपीएलचं (खासगी वैमानिकाच्या परवान्याचं) उड्डाण-प्रशिक्षण सुरू करू शकत नाही, हेही खरं. पण ती दाखवल्याशिवाय व्हिसा मिळत नाही, ही थाप आहे. व्हिसा अधिकारी ती मागत नाही. आणि अर्ध्या लाखाचं म्हणाल, तर नव्या अर्जदाराची सरकारी फी १४० डॉलर आहे. ती मुलाने स्वतः टीएसएच्या पोर्टलवर कार्डाने भरायची. बोटांच्या ठशांचा खर्च वेगळा, तो ठसे घेणाऱ्याला द्यायचा. बाकी सगळे पैसे एजंटच्या खिशात जातात.

मी फ्लोरिडात इन्स्ट्रक्टर आहे आणि आमच्या शाळेत सिक्युरिटी को-ऑर्डिनेटरचं कामही माझ्याकडेच आहे. विद्यार्थ्यांच्या फायली पोर्टलवर माझ्यासमोर येतात. त्यामुळे पुढचं सगळं शाळेच्या बाजूने कसं दिसतं ते सांगतो. ही बाजू एजंटला दिसत नाही.

पहिली गल्लत मोडून काढू. इथे तीन वेगळी सरकारी खाती आहेत आणि एकाचं काम दुसरं करत नाही. व्हिसा वकिलात देते. फ्लाइंग स्कूलसाठी तो बहुधा एम-१ असतो, विद्यापीठाची पदवी करत असाल तर एफ-१. त्यासाठी शाळेचा आय-२० (प्रवेशाचा दाखला) लागतो आणि सेव्हिसची, म्हणजे परदेशी विद्यार्थ्यांच्या नोंदणीची, ३५० डॉलर फी. टीएसए हे वाहतूक सुरक्षेचं खातं. या माणसाला विमान शिकवणं धोक्याचं आहे का, एवढंच ते बघतं. आणि लायसन्स, मेडिकल, परीक्षा हे एफएएचं, म्हणजे अमेरिकेच्या विमान वाहतूक खात्याचं काम. व्हिसा मिळाला म्हणून टीएसए मंजुरी देईलच असं नाही. टीएसएने मंजुरी दिली म्हणून विमानतळावरचा इमिग्रेशन अधिकारी आत सोडेलच असंही नाही. आमच्याकडे येणारे पालक 'क्लिअरन्स झाला' असं एकच वाक्य बोलतात, तेव्हा मला आधी विचारावं लागतं, नेमका कोणता?

हे सगळं आलं कुठून, हे थोडं सांगतो. कारण ते माहीत असलं की यातला कडकपणा डोक्यात जात नाही. २००१ च्या सप्टेंबर हल्ल्यातले मोहम्मद अत्ता आणि मारवान अल-शेही हे फ्लोरिडातल्याच व्हेनिस गावी हफमन एव्हिएशनमध्ये शिकले होते. झकारियास मुसावी मिनेसोटात ईगनला ७४७ चा सिम्युलेटर शिकायला आला. तिथल्या लोकांना त्याचं वागणं खटकलं, त्यांनी एफबीआयला कळवलं आणि १६ ऑगस्ट २००१ रोजी, म्हणजे हल्ल्याच्या चारच आठवडे आधी, इमिग्रेशनच्या मुद्द्यावर तो पकडला गेला. या व्यवसायातल्या माणसाला यातली सगळ्यात झोंबणारी गोष्ट मात्र पुढची आहे. मार्च २००२ मध्ये, हल्ल्याला सहा महिने उलटल्यावर, अत्ता आणि अल-शेही यांचे विद्यार्थी व्हिसाचे अर्ज मंजूर झाल्याची इमिग्रेशनची पत्रं हफमनच्या पत्त्यावर येऊन पडली. एका खात्याचं दुसऱ्याला पत्ता नाही, म्हणतात ते हेच. व्हिसाच्या भरवशावर न राहता वेगळी तपासणी हवी, हे त्यानंतर कुणाला समजावून सांगावं लागलं नाही.

नोव्हेंबर २००१ च्या कायद्याने आधी फक्त १२,५०० पौंडांच्या, म्हणजे साधारण ५,६७० किलोच्या, आणि त्याहून जड विमानांसाठी तपासणी सुरू झाली. ती न्याय खात्याकडे होती. डिसेंबर २००३ च्या कायद्याने ती टीएसएकडे आली आणि छोटी विमानंही त्यात ओढली गेली. सप्टेंबर २००४ मध्ये नियम निघाला. तेव्हापासून वीस वर्षं हा कार्यक्रम एएफएसपी या नावाने चालला. १ मे २०२४ ला नवा नियम प्रसिद्ध झाला, ३० जुलै २०२४ पासून लागू झाला आणि नाव झालं एफटीएसपी. हे मुद्दाम सांगतोय, कारण युट्यूबवरचे निम्मे व्हिडिओ आणि एजंटकडच्या पीडीएफ अजून 'कॅटेगरी ३', '१३० डॉलर', 'दर रेटिंगला पुन्हा फी' अशा जुन्या भाषेत आहेत. त्यावरून कागद जमवाल तर डोक्याला ताप होईल.

नव्या नियमात विद्यार्थ्याच्या कामाचा बदल हा की मंजुरी आता माणसाला मिळते, आणि ती जास्तीत जास्त पाच वर्षं चालते. पूर्वी पीपीएलला एकदा, इन्स्ट्रुमेंटला (फक्त उपकरणांवर उडवण्याला) पुन्हा, मल्टीला (एकाहून जास्त इंजिनांच्या विमानाला) पुन्हा असं प्रत्येक वेळी फी आणि तपासणी होती. आता एकदाच. पण प्रत्येक टप्पा पोर्टलवर कळवावा लागतोच. पीपीएल, इन्स्ट्रुमेंट रेटिंग आणि मल्टि-इंजिन हे तीन टप्पे यात येतात. सीपीएलच्या सरावासाठी स्वतंत्र नोंद लागत नाही, नंतर इन्स्ट्रक्टर व्हायचं तर त्यालाही नाही. पुढे ए३२० या प्रवासी जेटचं टाइप रेटिंग (त्या एका प्रकारच्या विमानाची पात्रता) अमेरिकेतच करायचं ठरवलं तर ते मात्र पुन्हा यात येतं, आणि तिथे वजनाची रेघ ओलांडलेली असल्यामुळे तपासणीसाठी कायद्यात ३० दिवसांची मुदत आहे. आणि पाच वर्षं हा आकडा कमाल आहे. पासपोर्ट किंवा इथे राहण्याची परवानगी आधी संपली तर मंजुरीही आधीच संपते. तुमच्या मुलाचा पासपोर्ट लहानपणी काढलेला असेल आणि वर्षभरात संपत असेल, तर आय-२० मागवण्याआधी नवा काढा. अभ्यासक्रमाच्या मध्येच पासपोर्ट बदलला की व्हिसा जुन्यात, नंबर नवा, आणि पोर्टलवर पुन्हा दुरुस्ती. चालतं ते, पण हाताने ओढवून घेतलेली कटकट आहे.

आता मुख्य विषयाकडे येतो. आपल्या मुलांच्या फायली कशात अडकतात? अतिरेकी असल्याच्या संशयात नाही. नावात आणि पत्त्यात.

आपल्याकडे नाव तीन तुकड्यांचं: स्वतःचं, वडिलांचं, आडनाव. पासपोर्टवर रकाने दोनच, एक आडनावाचा आणि दुसरा दिलेल्या नावाचा. समजा मुलाचं नाव प्रथमेश सुभाष पाटील. पासपोर्टवर आडनाव पाटील आणि दिलेलं नाव प्रथमेश सुभाष. आता इथल्या प्रत्येक फॉर्मवर तीन रकाने असतात आणि मधला 'मिडल नेम'चा. शाळेच्या अर्जात तो 'प्रथमेश पाटील' लिहितो, कारण कॉलेजात तसंच चालायचं. एफएएच्या आयक्रा (लायसन्सच्या ऑनलाइन अर्जाच्या) खात्यात सुभाष मधल्या रकान्यात जातो. टीएसएच्या पोर्टलवर एजंट दहावीच्या प्रमाणपत्रावरून 'पाटील प्रथमेश सुभाष' असं उलटं टाकतो. तपासणाऱ्याच्या पडद्यावर ही तीन माणसं झाली. त्यात पासपोर्टवर स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त आणि आय-२० वर कमी, असं असलं तर चौथा. त्याला पाटील म्हणजे काय आणि सुभाष कोण, हे माहीत असायचं कारण नाही. तो फाइल खुलाशासाठी परत पाठवतो आणि मुलगा इथे घरभाडं भरत बसून राहतो.

म्हणून नियम एकच ठेवा: पासपोर्टच्या छायाचित्राच्या पानावर जे अक्षर, ज्या क्रमाने, ज्या रकान्यात आहे, तेच सगळीकडे. शाळेच्या अर्जापासून. दहावीचं प्रमाणपत्र, आधार, डीजीसीएचं मेडिकल यांतलं नाव वेगळं असेल तर इथे येण्याआधी तिकडेच दुरुस्त करून घ्या, कारण परत आल्यावर डीजीसीएही हाच प्रश्न विचारणार आहे. काहींच्या पासपोर्टवर आडनावाचा रकाना रिकामाच असतो आणि पूर्ण नाव दुसऱ्या रकान्यात. अशांच्या अमेरिकी व्हिसावर दिलेल्या नावाच्या जागी 'एफएनयू' छापून येतं, म्हणजे पहिलं नाव अज्ञात. मग लायसन्सवरही ते तीन अक्षरांचं नाव घेऊन फिरावं लागतं. तुमच्या मुलाचं तसं असेल तर व्हिसाच्या आधी पासपोर्ट सुधारून घ्या. एवढं एक काम केलंत तरी पुढचा अर्धा त्रास वाचेल.

पोर्टलवर 'पूर्वी वापरलेली इतर नावं' असाही प्रश्न असतो. मुली आणि बायकांनी तो गंभीरपणे घ्यावा. लग्नानंतर सासरचं नाव लावलं, मधलं नाव बदललं, नवऱ्याने हौसेने पहिलंही बदललं, तर ती सगळी नावं लिहायची. लपवण्यासारखं त्यात काहीच नसतं. पण न लिहिलेलं जुनं नाव एखाद्या जुन्या व्हिसा अर्जात सापडलं की 'का नाही सांगितलं' हा प्रश्न उगाच उभा राहतो. गॅझेटमधून नाव बदललेलं असेल तर ती प्रत स्कॅन करून ठेवा.

मग पत्ता. गेल्या पाच वर्षांत कुठे कुठे राहिलात, हे महिन्यांसकट लिहायचं असतं आणि मध्ये फट चालत नाही. आपली मुलं 'मु. पो. अमुक, ता. कराड, जि. सातारा' हा एकच पत्ता लिहून मोकळी होतात, कारण आपल्या लेखी घर ते घर. पण मुलगा अकरावी-बारावीला लातूरला किंवा कोटाला हॉस्टेलवर होता, नंतर डीजीसीएच्या परीक्षांच्या क्लाससाठी पुण्यात पीजीमध्ये राहिला, तर ते दोन्ही पत्ते तारखांसह द्यायला हवेत. तो घरी सुट्टीला येत होता, म्हणून घरचा पत्ता लागू होत नाही. वडिलांची बदलीची नोकरी असेल तर क्वार्टरचे पत्ते. पत्त्यात 'मारुती मंदिरामागे, पाटील वाड्याजवळ' लिहून रकान्यातली अक्षरं संपवू नका. घर किंवा गट क्रमांक, गाव, तालुका, जिल्हा, पिन कोड एवढं पुरे. गावाचं स्पेलिंग सगळीकडे एकसारखं ठेवा. जन्मस्थळाचंही तेच. पासपोर्टवर कराड असेल तर कराड, हॉस्पिटल साताऱ्याला होतं म्हणून सातारा नाही.

आता क्रम सांगतो. शाळेचा प्रवेश, आय-२०, सेव्हिस फी, व्हिसा मुलाखत हे आधी. मुलाखतीच्या बाबतीत एक गोष्ट नवी आहे: जून २०२५ पासून एफ, एम आणि जे व्हिसाच्या अर्जदारांना सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवायला सांगतात. मुलाने ते करावं आणि खाती लपवू नयेत. टीएसएच्या पोर्टलवर खातं उघडणं, माहिती भरणं, पासपोर्ट स्कॅन करणं हे व्हिसाची वाट बघतानाच करून ठेवता येतं. आमच्या शाळेत आम्ही फाइल पुढे सरकवतो ती व्हिसा पासपोर्टवर चिकटल्यावरच, म्हणजे अर्ध्या कागदांवर फी जात नाही. विद्यार्थी पोर्टलवर शाळा आणि अभ्यासक्रम निवडतो, ती विनंती माझ्याकडे येते, हा आमचा विद्यार्थी आहे असं मी तिथे मान्य करतो, मग फी, मग ठसे.

ठसे टीएसएने मान्य केलेल्या ठिकाणीच द्यावे लागतात. कराडच्या किंवा पुण्याच्या पोलीस ठाण्यात शाईने घेतलेले चालत नाहीत. आमच्याकडचे बहुतेक विद्यार्थी इथे उतरल्यावर देतात. यातली एक बारीक गोष्ट सांगतो, कारण ती कुठल्याच माहितीपत्रकात नसते. ठसे पुसट आले म्हणून परत येतात. शेतात, गॅरेजमध्ये किंवा जिममध्ये हात घासलेल्या मुलांच्या बोटांच्या रेषा झिजलेल्या असतात. वर विमानाचा लांब प्रवास आणि एसीची कोरडी हवा. मशीनच्या काचेवर बोट ठेवलं की मधला भाग पांढराच दिसतो. त्याला आठवडाभर आधीपासून रात्री हाताला साधं क्रीम किंवा खोबरेल लावायला सांगा. ठसे देण्याच्या दिवशी मात्र हात साबणाने धुऊन कोरडे करूनच जायचं, तेलकट बोट मशीनला तितकंच नकोसं असतं.

पहिल्या दिवशी शाळेत काय होतं तेही सांगून ठेवतो. मुलगा बॅग घेऊन येतो, मी त्याला भिंतीसमोर उभा करून फोटो काढतो. मग पासपोर्ट हातात घेऊन त्यावरचा फोटो, पडद्यावरचा फोटो आणि समोरचा चेहरा अशी तिघांची गाठ घालतो. कागदावर मंजूर झालेला माणूस आणि दारात आलेला माणूस एकच आहे, याची खात्री करणं ही माझी जबाबदारी. तो फोटो पोर्टलवर जातो. कोणी दाढी वाढवून आलेलं असतं, कोणाचा पासपोर्टवरचा फोटो आठवीतला असतो. त्यात लाजण्यासारखं काही नाही, आम्ही विचारतो कारण विचारावंच लागतं. आमच्या नोंदी पाच वर्षं ठेवाव्या लागतात आणि टीएसएचे निरीक्षक येऊन त्या तपासतात. २०२४ च्या नियमापासून प्रत्येक शाळेला एक सिक्युरिटी को-ऑर्डिनेटर नेमावा लागतो. कर्मचाऱ्यांना संशयास्पद वागणं कसं ओळखायचं याचं प्रशिक्षणही द्यावं लागतं. म्हणून इन्स्ट्रक्टर गप्पांत 'इथे का आलास, पैसे कोण देतंय' विचारत असेल तर त्यावर चिडू नये, असं मुलाला सांगा. खरं उत्तर देऊन टाकायचं.

मंजुरीची वाट बघताना मुलगा हात बांधून बसत नाही. जमिनीवरचा अभ्यास, म्हणजे वर्गातलं शिकवणं, लेखी परीक्षेची तयारी, रेडिओवरच्या बोलण्याचा सराव, याला टीएसएची मंजुरी लागत नाही. एम-१ वर अभ्यासक्रम सुरू होण्याच्या ३० दिवस आधी अमेरिकेत येता येतं. हे दिवस ठसे, बँक खातं, एफएएचं मेडिकल आणि ग्राउंड स्कूल यांत घालवावेत. 'तोवर सिम्युलेटरवर बसतो की' असं मुलं म्हणतात. तसं नाही चालत. सिम्युलेटरवरचं शिक्षणही उड्डाण-प्रशिक्षणात धरतात. हौसेने एकदा वर जाऊन यायचं, ज्याला इथे डिस्कव्हरी फ्लाइट म्हणतात, त्याला मंजुरी लागत नाही. पण ती प्रशिक्षण म्हणून मोजून दर आठवड्याला 'डिस्कव्हरी' करणाऱ्या शाळेपासून लांब राहा. एकट्याने विमान उडवण्याआधी लागणारं स्टुडंट पायलट सर्टिफिकेट वेगळं, ते एफएए देते आणि त्यासाठी टीएसएची आणखी एक तपासणी मागे चालू असते. ते प्लॅस्टिकचं कार्ड हातात यायला आठवडे जातात, म्हणून आम्ही पहिल्याच आठवड्यात अर्ज टाकतो.

नाकारलं गेलं तर? सरळमार्गी विद्यार्थ्याचं सहसा नाकारलं जात नाही. तपासणी तीन अंगांनी होते: दहशतवादाशी संबंध, गुन्हेगारी नोंद आणि इमिग्रेशनचा इतिहास. आपल्या लोकांना भोवतो तो तिसरा प्रकार. आधी अमेरिकेत येऊन मुदतीपेक्षा जास्त राहिलेले, एका व्हिसावर येऊन दुसरंच करणारे. नाकारल्यावर सविस्तर कारण मिळेलच अशी अपेक्षा ठेवू नका. म्हणून जे आहे ते अर्जातच लिहावं. कॉलेजातल्या भांडणात नाव आलं होतं आणि पुढे केस मिटली, तर मिटल्याचा कागद जोडून सांगा. तो मुद्दा बहुधा तिथेच संपतो. न सांगितलेला मुद्दा मात्र संपत नाही. आणि एक लक्षात ठेवा: मंजुरी मिळाल्यावरही टीएसए कधीही प्रशिक्षण थांबवा असं कळवू शकते. तसा संदेश आला तर मला त्याच क्षणी विद्यार्थ्याला जमिनीवर ठेवावं लागतं, मग चेकराइड (लायसन्ससाठीची उड्डाण-परीक्षा) उद्यावर असली तरी.

शाळा बदलण्याबद्दल तुम्ही विचारलं नाही, पण मी सांगणार, कारण पालकांचे पैसे तिथेच बुडतात. नव्या नियमाप्रमाणे टीएसएची मंजुरी तुमच्याबरोबर दुसऱ्या शाळेत जाते. तिथला को-ऑर्डिनेटर पोर्टलवर ती पाहतो, नोंद घेतो आणि पुढे चालू. एम-१ व्हिसाचं तसं नाही. एम-१ चा विद्यार्थी साधारण पहिल्या सहा महिन्यांतच शाळा बदलू शकतो. त्यानंतर बदलायची तर कारण त्याच्या हाताबाहेरचं असावं लागतं, आणि इमिग्रेशनची परवानगी वेगळी. एम-१ वरून अमेरिकेत राहूनच एफ-१ वर जाता येत नाही, हेही ध्यानात ठेवा. त्यामुळे सगळी फी एकरकमी भरा म्हणजे सवलत देतो, असं शाळा म्हणत असेल तर भरू नका. टप्प्याटप्प्याने भरा. विमानं किती, त्यांतली उडतात किती, इन्स्ट्रक्टर किती, चेकराइडसाठी किती दिवस थांबावं लागतं, हे त्या शाळेत सध्या शिकणाऱ्या दोघातिघांना फोन करून विचारा. टीएसएच्या भीतीने रात्र जागवणारे पालक हे विचारायचं विसरतात, आणि खरा धोका इथेच आहे.

तुमच्या साडूंचं आता. ग्रीन कार्ड म्हणजे नागरिकत्व नाही. त्यांना ही सगळी प्रक्रिया लागते: पोर्टल, फी, ठसे, फोटो. वीस वर्षं न्यू जर्सीत कर भरत असले तरी. बरेच ग्रीन कार्डवाले इथे दुखावतात, पण नियमात 'अमेरिकेचा नागरिक नसलेला' एवढीच रेघ आहे. उद्या ते अमेरिकेचे नागरिक झाले, तर विषय संपला. मुलगी तिथेच जन्मलेली, म्हणजे नागरिक. ती पहिल्या धड्याला अमेरिकी पासपोर्ट घेऊन जाईल, किंवा जन्माचा दाखला आणि फोटो असलेलं सरकारी ओळखपत्र. इन्स्ट्रक्टर ते बघून तिच्या लॉगबुकात तशी दोन ओळींची नोंद करून सही करेल, आणि त्याच दुपारी ती उडू शकेल. तिच्याकडे ओसीआय कार्ड (भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं) असलं तरी फरक पडत नाही, ते दुसरं नागरिकत्व नव्हे. घरात कोणी एच-१बी (नोकरीच्या) किंवा एच-४ (त्याच्या कुटुंबीयांच्या) व्हिसावर असेल तर त्यांना शिकता येतं, टीएसएची मंजुरी घेऊनच. पर्यटक व्हिसावर येऊन लायसन्सचा कोर्स करू म्हणणाऱ्यांनी मात्र तो विचार सोडावा. त्यासाठी तो व्हिसा नाही, आणि तो डाग पुढच्या प्रत्येक अर्जात दिसतो.

एजंटकडे परत येतो. त्याला सगळंच सोडा असं मी म्हणत नाही. शाळा शोधणं, तिकीट, राहण्याची सोय यासाठी काहींना मदत लागते आणि चांगले एजंट आहेत. पण टीएसएचं पोर्टल, आयक्रा आणि व्हिसाचा अर्ज या तीन ठिकाणी मुलाचा स्वतःचा ईमेल, स्वतःचा फोन आणि स्वतःचा पासवर्ड असला पाहिजे. एजंटच्या ऑफिसातला एकच ईमेल कित्येक मुलांच्या फायलींना लावलेला मी पाहिलाय. टीएसएने खुलासा मागितला तर तो त्या ईमेलवर जातो. एजंट बघतो तेव्हा मुदत टळलेली असते, आणि मुलगा इथे मला विचारत असतो, 'सर, अजून काही आलं नाही का?' शिवाय अर्जाखाली 'ही माहिती खरी आहे' असं मुलगा लिहून देतो. चूक एजंटने केली तरी उत्तर मुलालाच द्यावं लागतं. एका शनिवारी लॅपटॉप उघडा, पासपोर्ट शेजारी ठेवा, बापलेक मिळून भरा. इंग्रजी अवघड नाही, संयम लागतो.

शेवटी परतीच्या वाटेवरच्या दोन गोष्टी आत्ताच सांगून ठेवतो. एक, एफएएच्या लायसन्सवर भारतातला पत्ता असणाऱ्यांना २०२५ पासून अमेरिकेतला एक प्रतिनिधी नेमून कळवावा लागतो, जो तुमच्या नावाची सरकारी पत्रं स्वीकारेल. नेमला नाही तर ते लायसन्स वापरता येत नाही. तुमचे साडू हे काम करू शकतात, फक्त त्यांना आधी विचारा आणि आलेलं पत्र पुढे कळवायला बजावून ठेवा. दोन, डीजीसीए लायसन्स बदलून देताना एफएएकडून पडताळणी करून घेते, आणि पुढे भारतातल्या विमानतळावर काम करायचं तर बीसीएएसचा (भारतातल्या विमान सुरक्षा खात्याचा) प्रवेश-पास लागतो, त्याच्याही मागे पोलीस पडताळणी असते. इथल्या टीएसएच्या मंजुरीचा तिथे उपयोग नाही. मुलाचा आय-२०, व्हिसा, एंट्रीचा शिक्का, लॉगबुकाचं प्रत्येक पान आणि पोर्टलवरचे मंजुरीचे ईमेल यांच्या स्कॅन प्रती एका फोल्डरमध्ये ठेवा आणि तो फोल्डर तुमच्याकडेही असू द्या.